टूलचेनच्या बिल्डमधले कालबाह्य ऑप्शन काढताना

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या ऑफिसात शीतगृहांचे कंट्रोलर बनतात. पिंपळगाव, निफाड, दिंडोरी या पट्ट्यात द्राक्षांच्या प्री-कूलिंग खोल्या आहेत. त्यांचे तापमान राखणारे हे छोटे बोर्ड. बोर्डाची इमेज, म्हणजे त्यात भरायचे सगळे सॉफ्टवेअर, बिल्डरूट या लिनक्स बांधणाऱ्या साधनातून निघते आणि क्रॉस कंपायलर (आपल्या मशीनवर चालून बोर्डासाठी कोड बनवणारा) आमची स्वतःची स्क्रिप्ट बांधते. तिला केकॉन्फिगचा, म्हणजे ऑप्शन निवडून ठेवण्याच्या व्यवस्थेचा, एक मेनूही आहे. मागच्या दिवाळीपर्यंत ही स्क्रिप्ट जीसीसी या कंपायलरच्या कॉन्फिगरला (बांधण्याआधी काय घ्यायचे ते ठरवणाऱ्या स्क्रिप्टला) ३१ ऑप्शन देत होती. त्यांतले ११ जीसीसीत कोणीच वाचत नव्हते. वर्षानुवर्षे एकाने दुसऱ्याच्या स्क्रिप्टमधून उचलले आणि ते तसेच पुढे आले.

ते काढायचा आमचा पहिला प्रयत्न चांगलाच अंगाशी आला होता. जुने बोर्ड एआरएम ९२६ चिपचे, त्यात फ्लोटिंग पॉइंट युनिट (एफपीयू) नाही. त्यांच्यासाठी आमच्या मेनूत सॉफ्ट फ्लोटचा, म्हणजे अपूर्णांकांचा हिशेब सॉफ्टवेअरने करण्याचा, वेगळा ऑप्शन होता. जुन्या बोर्डाची विक्री थांबली म्हणून तो ऑप्शन आम्ही साफसफाईत काढला. बिल्ड हिरवे झाले, म्हणजे विनाचूक पार पडले. फेब्रुवारीत एका शीतगृहातल्या जुन्या बोर्डाला अपडेट गेले. बोर्ड सुरू झाला, लॉगिनही आले, आणि तापमान मोजणारा प्रोग्राम अपूर्णांकाच्या पहिल्याच हिशेबाला ‘इलिगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून कोसळला. जुन्या बोर्डाच्या डेफकॉन्फिगमध्ये, म्हणजे निवडलेल्या ऑप्शनांच्या फाइलीत, त्या ऑप्शनची ओळ तशीच होती. ती कोणाला उद्देशून आहे हेच न कळल्याने केकॉन्फिगने एक अक्षर न बोलता सोडून दिली, आणि नव्या बोर्डांचा, एफपीयू वापरणारा हार्ड फ्लोट लागू झाला. खोलीत माल भरलेला होता. शेतकऱ्याने रात्रभर हाताने कॉम्प्रेसर चालू-बंद केला.

ओळी खोडायला पाच मिनिटे पुरतात. ज्याला तो ऑप्शन अजून लागतो त्याला, तो गेल्याचे बिल्ड सुरू होतानाच कळले पाहिजे, आणि खरी मेहनत त्यासाठी आहे. खालची प्रत्येक पायरी त्याच हेतूने मांडली आहे. आज्ञा आणि ऑप्शन मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाइप करा.

पहिली पायरी: काय मागितले जाते त्याची यादी

सुरुवात स्क्रिप्टपासून करू नका, तयार कंपायलरपासून करा. ‘जीसीसी -व्ही’ चालवले की ‘कॉन्फिगर्ड विथ’ अशी ओळ येते. तो कंपायलर नेमक्या कोणत्या ऑप्शनांनी बांधला ते तिथे जसेच्या तसे असते. स्क्रिप्टमध्ये अटी असतात, पर्यावरणातले व्हेरिएबल असतात, सर्व्हरवर कोणीतरी हाताने घातलेला एखादा ऑप्शन असतो. ही ओळ या सगळ्याचा अंतिम परिणाम दाखवते. प्रत्येक बोर्डाच्या टूलचेनची (कंपायलर आणि त्याच्या सोबतच्या साधनांची) ओळ काढा, एका ऑप्शनाला एक ओळ असे तोडा आणि सॉर्ट करून शेजारी शेजारी ठेवा. आमच्याकडे दोन टूलचेन सारख्याच असल्याचा सगळ्यांचा समज होता. प्रत्यक्षात सहा ऑप्शनांचा फरक निघाला.

दुसरी पायरी: जिवंत की मेलेला?

इथे वेळ द्या. ऑक्टोबर छाटणीआधी आमच्याकडचे बागायतदार काड्या तपासायला लॅबमध्ये देतात. घड कितव्या डोळ्यावर आहे ते कळल्यावरच कात्री लागते. ऑप्शनांचेही तसेच: कोणी वाचते की नाही ते आधी तपासा, मग काढा.

जीसीसीपुरते काही मेलेले ऑप्शन ओळखीचे आहेत. ‘--डिसेबल-लिबमडफ्लॅप’ अजूनही शेकडो स्क्रिप्टमध्ये दिसतो. मेमरीतल्या चुका पकडणारे मडफ्लॅप जीसीसी ४.९ मध्येच, म्हणजे २०१४ साली काढून टाकले. त्याचे काम ४.८ पासून आलेल्या ॲड्रेस सॅनिटायझरने घेतले होते. ‘--विथ-पीपीएल’ ४.८ पासून निरुपयोगी आहे आणि ‘--विथ-क्लूग’ची गरज जीसीसी ५ पासून उरली नाही, कारण ग्राफाइटला (जीसीसीतल्या लूप सुधारणाऱ्या भागाला) तेव्हापासून फक्त आयएसएल ही लायब्ररी लागते. जावाचा भाग जीसीसी ७ मध्ये गेला, सिल्क प्लस ८ मध्ये, इंटेलचे एमपीएक्स ९ मध्ये. म्हणून ‘--डिसेबल-लिबसिल्कआरटीएस’ आणि ‘--डिसेबल-लिबएमपीएक्स’ हेही त्यानंतरच्या आवृत्त्यांत रिकामे शब्द आहेत.

बाकीच्यांचा शोध ग्रेपने (फाइलींत शब्द शोधणाऱ्या आज्ञेने) घ्यायचा, आणि ग्रेप फसवतो. आमच्याकडे नुकताच लागलेला मुलगा पहिल्याच दिवशी म्हणाला, “मॅडम, ‘डिसेबल-सिम’ सगळ्या सोर्समध्ये कुठेच सापडत नाही. काढून टाकू?”

“काढू नकोस. आधी वरच्या फोल्डरमधली कॉन्फिगर-डॉट-एसी उघड.”

जीसीसी आणि बिनयुटिल्स-जीडीबी (लिंकर, डीबगर वगैरे साधनांचा संच) यांची वरच्या पातळीची कॉन्फिगर फाइल एकच आहे. त्यात एक लूप आहे. तो प्रत्येक उपफोल्डरचे नाव घेतो, पुढचा ‘टार्गेट-’ किंवा ‘बिल्ड-’ काढतो, नावातल्या आडव्या रेघांच्या जागी अंडरस्कोर घालतो, त्याच्यापुढे ‘एनेबल_’ जोडतो आणि त्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ‘नो’ आहे का ते पाहतो. असेल तर तो फोल्डर वगळतो. म्हणजे ऑप्शनचे नाव फाइलमध्ये लिहिलेलेच नाही, ते चालताना जुळते. ‘--डिसेबल-सिम’, ‘--डिसेबल-जीडीबी’ हे असेच चालतात. मडफ्लॅपचा ऑप्शन आज का गप्प आहे तेही यातून कळते: फोल्डरच नाही, म्हणून वगळायलाही काही नाही.

शोधताना एवढे लक्षात ठेवा. ‘--डिसेबल-अमुक’ म्हणजे ‘एनेबल_अमुक’ची किंमत ‘नो’, आणि ‘--विदाउट-अमुक’ म्हणजे ‘विथ_अमुक’ची किंमत ‘नो’. नुसते ‘अमुक’ शोधा, रेघ आणि अंडरस्कोर दोन्ही प्रकारे. तरीही हाती लागले नाही तर त्या नावाचा फोल्डर आहे का पाहा. नंतर ‘गिट लॉग -एस’ने इतिहास चाळा; तो शब्द ज्या कमिटमध्ये आला आणि ज्यात गेला ती दोन्ही मिळतात. गेला त्या कमिटचा संदेश पूर्ण वाचा. पर्यायी वाट बहुतेक वेळा तिथेच सांगितलेली असते.

कॉन्फिगर स्वतः का सांगत नाही, हा प्रश्न रास्त आहे. अनोळखी ‘एनेबल’ आणि ‘विथ’ ऑप्शनांवर बिल्ड अडवायचे नाही, असा ग्नूचा, म्हणजे जीसीसीच्या मूळ प्रकल्पाचा, जुना नियम आहे. एकच ऑप्शन-यादी अनेक पॅकेजना देता यावी म्हणून तो आहे. साधे ऑटोकॉन्फ (कॉन्फिगर स्क्रिप्ट तयार करणारे साधन) निदान ‘अनरेकग्नाइज्ड ऑप्शन्स’ असा इशारा देते, पण पोटात अनेक पॅकेजे असलेल्या जीसीसीसारख्या झाडात वरचा कॉन्फिगर तोही देत नाही. तुमचे स्वतःचे पॅकेज एकटे असेल तर ‘--एनेबल-ऑप्शन-चेकिंग=फेटल’ लावा. आम्ही आमच्या सर्व छोट्या साधनांना तो कायमचा लावला आहे.

यादीतल्या ज्या ऑप्शनांची किंमत आणि आजचा डीफॉल्ट एकच आहे, त्यांच्याबद्दल माझे मत ठाम आहे. फ्लोट, आर्किटेक्चर, एफपीयू, थ्रेड, पीआयई असे बायनरीच्या एबीआयला, म्हणजे तयार कोडचे तुकडे एकमेकांशी जुळण्याच्या नियमांना, हात लावणारे ऑप्शन डीफॉल्टशी जुळत असले तरी लिहिलेलेच ठेवा. डीफॉल्ट वरच्या प्रकल्पाच्या हातात असतो, तुमच्या नाही. कागदपत्रे, भाषांतर, इशारे यांचे ऑप्शन जुळत असतील तर बिनधास्त काढा.

तिसरी पायरी: एक ऑप्शन काढून मोजणे

एका वेळी एकच. रिकाम्या बिल्ड फोल्डरमध्ये एकदा त्याच्यासह आणि एकदा त्याच्याविना टूलचेन बांधा. सोर्सच्या आत बांधू नका, आणि जुनी कॉन्फिग-कॅश राहिलेली नाही ना ते पाहा. दोन्ही टूलचेन बाइटला बाइट जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका, कारण ती ‘कॉन्फिगर्ड विथ’ची ओळ कंपायलरच्या पोटातच असते. तुलना या गोष्टींची करा:

इन्स्टॉल झालेल्या फाइलींची यादी. ‘-डम्पस्पेक्स’चे उत्तर. ‘-प्रिंट-मल्टी-लिब’चे उत्तर. ‘-क्यू --हेल्प=टार्गेट’चे उत्तर, ज्यात प्रत्येक टार्गेट फ्लॅगची लागू असलेली किंमत दिसते. आणि एक छोटा प्रोग्राम दोन्हींनी कंपाइल करून त्यावर ‘रीडएल्फ -ए’, ए मोठ्या लिपीतला.

हा शेवटचा तपास आम्ही तेव्हा केला असता तर फेब्रुवारीची ती रात्र टळली असती. हार्ड फ्लोटने बांधलेल्या एआरएम फाइलीत ‘टॅग_एबीआय_व्हीएफपी_आर्ग्ज: व्हीएफपी रजिस्टर्स’ अशी ओळ येते, सॉफ्ट फ्लोटच्या फाइलीत ती नसते. एका ओळीचा फरक आहे आणि तो डोळ्यांना दिसतो. आता आमच्या सर्व्हरवर प्रत्येक बोर्डाची ही ओळ अपेक्षित ओळीशी ताडल्याशिवाय इमेज बाहेर पडत नाही.

सी लायब्ररीच्या ऑप्शनांत परिणाम आणखी दूर दिसतो. जीलिबसी या सी लायब्ररीत ‘--एनेबल-ऑब्सोलीट-आरपीसी’ होता. २.३२ मध्ये, २०२० साली, सन आरपीसीच (दुसऱ्या मशीनवरचे फंक्शन बोलावण्याची जुनी सोय) काढले गेले आणि ऑप्शनही गेला. त्यावर विसंबलेल्या स्क्रिप्टची जीलिबसी व्यवस्थित बांधली जाते; कोसळते ते तासाभराने आरपीसीची हेडर फाइल मागणारे तिसरेच पॅकेज. अशा वेळी त्या पॅकेजला लिबटीआयआरपीसी या वेगळ्या लायब्ररीकडे वळवायचे असते, पण चूक वाचून तसे सुचत नाही. म्हणून मोजताना टूलचेनवर थांबू नका, तिच्यावर उभी असलेली पूर्ण इमेज बांधा.

चौथी पायरी: काढण्याआधी हाक मारणे

वरच्या प्रकल्पांनी यासाठी चांगल्या पद्धती बसवल्या आहेत, त्या उचला.

जीसीसी एखादे टार्गेट, म्हणजे ज्या प्रोसेसरसाठी कोड बनतो तो, थेट काढत नाही. आधी एका आवृत्तीत ते ‘ऑब्सोलीट’ ठरते. त्यासाठी कॉन्फिगर केले की बिल्ड थांबते आणि सांगते की तरीही बांधायचे असेल तर ‘--एनेबल-ऑब्सोलीट’ द्या, कोणी सांभाळायला पुढे आले नाही तर पुढच्या मोठ्या आवृत्तीत हे जाईल. सेल एसपीयू असे ९ मध्ये जाहीर झाले आणि १० मध्ये गेले. निऑस २ चे तसेच, १४ मध्ये जाहीर, १५ मध्ये काढले. पण आयटॅनियमही १४ मध्ये याच यादीत होते आणि १५ मध्ये ते परत घेतले गेले. ज्यांना ते हवे होते त्यांनी हाक ऐकली आणि ते बोलले. मधली ती एक आवृत्ती याचसाठी असते.

केकॉन्फिगसाठी बिल्डरूटची ‘कॉन्फिग-डॉट-इन-डॉट-लेगसी’ ही फाइल नमुना म्हणून वाचा. काढलेल्या प्रत्येक ऑप्शनचे नाव तिथे जिवंत ठेवतात. तो निवडलेला असेल तर तो ‘बीआर२_लेगसी’ला निवडतो, आणि ते चालू असेल तर मेक बांधायला नकार देते: तुमच्या कॉन्फिगमध्ये जुने ऑप्शन आहेत, तपासा. हेल्पमध्ये लिहिलेले असते की हे का गेले आणि आता काय वापरायचे. नुसते नाव बदलले असेल तर जुना ऑप्शन नव्याला ‘सिलेक्ट’ करतो, म्हणजे वापरणाऱ्याची निवड हरवत नाही. एक सावधगिरी: ‘सिलेक्ट’ समोरच्या ऑप्शनच्या ‘डिपेंड्स ऑन’ अटी पाहत नाही, त्यामुळे त्या अटी जुन्या ऑप्शनवरही लिहाव्या लागतात.

आमच्या मेनूत आता अशीच फाइल आहे. तिच्यात सॉफ्ट फ्लोटच्या जुन्या नावाखाली दोन ओळी आहेत: ‘हा ऑप्शन काढला आहे. एआरएम ९२६ बोर्डासाठी फ्लोट मेनूत सॉफ्ट निवडा. न निवडल्यास बोर्डावर प्रोग्राम चालणार नाहीत.’

ऑटोकॉन्फमध्ये हेच करायला ‘एसी_आर्ग_एनेबल’ लगेच काढू नका. त्याची आतली कृती काढा आणि त्या जागी संदेश ठेवा. कोणी ऑप्शन चालू करायला मागत असेल तर ‘एसी_एमएसजी_एरर’ने थांबवा, कारण त्याला हवे ते मिळणार नाही. बंद करायला मागत असेल तर नुसता इशारा पुरे. गोष्ट नाहीच, त्यामुळे त्याचे काही बिघडत नाही. बंद करण्यावरही बिल्ड पाडलेत तर लोकांच्या स्क्रिप्ट विनाकारण मोडतील आणि पुढच्या वेळी तुमचे अपडेट घ्यायला ते कचरतील.

जुन्या डेफकॉन्फिगमधल्या कोणत्या ओळी गळतात हे आधी पाहायचे असेल तर ती फाइल लोड करा, ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ चालवा आणि डिफ घ्या. ओळ गळण्याची कारणे वेगवेगळी असतात. कधी तिची किंमत डीफॉल्टच असते, कधी अटी पुऱ्या होत नाहीत, कधी ते नावच राहिलेले नसते. प्रत्येक गळलेले नाव केकॉन्फिगच्या फाइलींत शोधा. नाव सापडत नसेल ती ओळ धोक्याची.

पाचवी पायरी: मुळापासून काढणे

क्रम असा ठेवा: आधी ऑप्शनची किंमत वाचणारा कोड, मग व्याख्या, मग कागदपत्रे.

उलटे केले तर तीन ठिकाणी शांतता वाढून ठेवलेली आहे. व्याख्या गेली की सीमधला ‘इफडेफ’ गुपचूप खोटा ठरतो, आणि ‘हॅश इफ’मधले अनोळखी नाव शून्य धरले जाते. मेकफाइलमधले अनोळखी व्हेरिएबल रिकामे होते. शेलमध्येही तेच. तिघांनाही बोलते करता येते: कंपायलरला ‘-डब्ल्यूअनडेफ’, मेकला ‘--वॉर्न-अनडिफाइन्ड-व्हेरिएबल्स’, शेल स्क्रिप्टच्या डोक्यावर ‘सेट -यू’. ‘इफडेफ’ला मात्र यातले काहीच पकडत नाही. त्यासाठी ‘अनइफडेफ’ नावाचे साधन आहे. हा मॅक्रो आता कधीच नसणार असे त्याला सांगितले की तो त्या अटींच्या फांद्या सोर्समधून काढून देतो. त्याने दिलेला डिफ मात्र ओळीने वाचा. अटीच्या शेजारची टिप्पणी मागे राहून पुढच्या माणसाला बुचकळ्यात टाकते.

एका ऑप्शनचे धागे साधारण इथे असतात: कॉन्फिगर-डॉट-एसीतली व्याख्या, ‘एसी_सब्स्ट’ने मेकफाइलमध्ये गेलेले नाव, ‘एसी_डिफाइन’ने कॉन्फिग हेडरमध्ये गेलेला मॅक्रो, टेस्ट, सर्व्हरवरच्या स्क्रिप्ट, डेफकॉन्फिग. जीसीसीत काम करत असाल तर कॉन्फिगर ऑप्शनांचे दस्तऐवज ‘इन्स्टॉल-डॉट-टेक्सी’त असतात, ते त्याच पॅचमध्ये बदलायचे.

आता कॉन्फिगर पुन्हा तयार करायची. जीसीसीत ती तयार झालेली फाइल गिटमध्येच ठेवतात आणि त्यासाठी ऑटोकॉन्फ नेमके २.६९ लागते. डिस्ट्रोचे (डेबियनसारख्या लिनक्स वितरणाचे) ऑटोकॉन्फ आवृत्ती जुळत असली तरी वापरू नका. डेबियनच्या २.६९ मध्ये ‘रनस्टेटडिर’चा जादा पॅच होता, आणि त्याने तयार केलेल्या कॉन्फिगरमध्ये तुम्ही न केलेले बदल येतात. ग्नूच्या मूळ टारबॉलमधून ऑटोकॉन्फ वेगळ्या फोल्डरमध्ये बांधा आणि तेवढ्यापुरते पाथमध्ये पुढे घ्या. तयार कॉन्फिगरचा डिफ तुमच्या ऑप्शनच्या ओळींपलीकडे गेला, तर तो कमिट करू नका.

एक ऑप्शन, एक कमिट. संदेशात ऑप्शन काय करायचा, केव्हापासून निरुपयोगी आहे, आता काय वापरायचे आणि कोणत्या बोर्डांवर तपासले ते लिहा. सहा महिन्यांनी बिघाड करणारे कमिट शोधणारा ‘गिट बायसेक्ट’ तुमच्या कमिटवर येऊन थांबला तर समोरच्याला तिथेच उत्तर मिळेल.

सीमेकवाल्यांसाठी थोडक्यात

एलएलव्हीएम या दुसऱ्या कंपायलर प्रकल्पाने ऑटोकॉन्फची बिल्ड व्यवस्था ३.९ मध्ये पूर्णच सोडली; तिथे आता सीमेक हे साधन आहे. सीमेक मात्र थोडे बोलके आहे: ‘-डी’ने दिलेले व्हेरिएबल कोणी वाचले नाही तर शेवटी ‘मॅन्युअली स्पेसिफाइड व्हेरिएबल्स वेअर नॉट यूज्ड’ अशी यादी येते. लॉगमध्ये ती खाली दबते, म्हणून सर्व्हरवर हे वाक्य शोधून बिल्ड पाडा. पण ‘सीमेककॅश’मध्ये जुन्या किमती राहतात, तेव्हा तपासणी नेहमी कोऱ्या फोल्डरमध्येच. लिबसी-प्लस-प्लससारखी रनटाइम ‘एनेबल_प्रोजेक्ट्स’मधून ‘एनेबल_रनटाइम्स’मध्ये हलवायची असतील तर तीही स्वतंत्र कमिट धरा.

सहावी पायरी: सगळे बोर्ड, कोऱ्या जागी

शेवटी प्रत्येक डेफकॉन्फिग घेऊन पूर्ण बिल्ड चालवा, विक्री बंद झालेल्या बोर्डांसकट. यजमान मशीनसाठीचा जीसीसी बांधत असाल तर तीन टप्प्यांचे बूटस्ट्रॅप (कंपायलरने स्वतःलाच पुन्हा बांधणे) होऊ द्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्याची तुलना तो स्वतः करतो. क्रॉस कंपायलरला ती सोय नाही. तिथे टेस्ट सूट बदलाआधी आणि बदलानंतर चालवून ‘कॉन्ट्रिब’ फोल्डरमधल्या ‘कम्पेअर_टेस्ट्स’ने निकाल ताडा. आधीपासून नापास असलेल्या टेस्टकडे पाहत बसू नका, नव्याने नापास झालेल्या शोधा.

आमच्या ११ पैकी ९ ऑप्शन अशा रीतीने गेले. उरलेल्या दोघांच्या जागी सध्या फक्त संदेश आहे. ते संदेश काढण्याचे काम जूनमध्ये, द्राक्षांचा हंगाम आटोपल्यावर लावले आहे. त्याआधी एआरएम ९२६ च्या शेवटच्या तीन बोर्डांना शेवटची इमेज द्यायची आहे, आणि त्यांचा डेफकॉन्फिग टॅग लावून टूलचेनसकट वेगळ्या शाखेत ठेवायचा आहे.